कादंबरी उसवून बघताना

कादंबरी लिहू पाहणाऱ्याला सल्ले कधी कमी पडत नाहीत. रोज लिहा, खूप वाचा, माणसं बघा. सगळं खरं आहे, पण एवढ्या शिदोरीवर दुसरं प्रकरण काही पार पडत नाही. नाशिकमध्ये आम्ही काही जण मिळून कादंबरीलेखनाचा सराव करतो. गटात शिक्षक आहेत, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळ्या करणारे आहेत, दिंडोरीकडचे बागायतदार आहेत. या सरावातून आमचं एक मत पक्कं झालं आहे. छापून आलेल्या कादंबरीकाराकडून शिकायचं ते त्याच्या भाषणांतून थोडं आणि त्याच्या पानांतून भरपूर. भाषणात तो बहुतेक वेळा स्वतःचा स्वभाव सांगतो. पानावर त्याने काय केलं ते मात्र मोजता येतं, उतरवून घेता येतं, आपल्या मजकुराला लावून बघता येतं. शिवलेला कपडा उसवला की शिवण कळते, तसं हे काम आहे.

पहिली गफलत पुस्तक निवडतानाच होते. उत्साहाच्या भरात लोक सात-आठशे पानांची ऐतिहासिक कादंबरी घेतात आणि पात्रांच्या गर्दीत हरवतात. सुरुवातीला दीडशे-दोनशे पानांची, एका निवेदकाची, एका ठिकाणी घडणारी कादंबरी घ्यावी. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आम्ही नव्या माणसाच्या हातात सगळ्यात आधी देतो. तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, शाळा भरवतो, गावाच्या मदतीने तालीम उभी करतो आणि शेवटी दुष्काळ वाडी रिकामी करतो. गोष्ट एवढीच, त्यामुळे रचना उघडी दिसते. टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे, जुनी कादंबरी शोधायला नाशिककराची पावलं आधी तिकडेच वळतात. तरीही या कामासाठी स्वतःची प्रत विकत घ्यावी. प्रत्येक पानावर पेन्सिल चालणार आहे, आणि वाचनालयाच्या पुस्तकात खुणा करणं हा पुढच्या वाचकावर अन्याय आहे.

पहिलं वाचन फक्त आनंदासाठी करायचं, वही जवळसुद्धा ठेवायची नाही. दुसऱ्या वाचनाला लांब वही आडवी धरून पाच रकाने आखायचे. पहिल्यात पान क्रमांक, दुसऱ्यात प्रसंग कुठे आणि केव्हा घडतो, तिसऱ्यात कोण हजर आहे, चौथ्यात मुख्य पात्राला त्या घडीला काय हवं आहे, आणि पाचव्यात प्रसंग संपताना काय बदललं. जागा बदलली किंवा वेळ तुटला की नवा प्रसंग धरायचा आणि नवी ओळ लिहायची. सरासरी प्रसंग तीन ते पाच पानांचा धरला तर दीडशे पानांच्या कादंबरीत तीस ते पन्नास ओळी होतात. दोन सुट्ट्यांचं काम आहे.

चौथा आणि पाचवा रकाना खरं शिकवतो. “मास्तरला शाळेत मुलं हवी आहेत” हे चौथ्यात येतं. “दुःखी आहे”, “विचारात आहे” असलं काही तिथे लिहायचं नाही, कारण मनःस्थिती म्हणजे मागणी नव्हे. पाचव्यात बदल लिहायचा. कोणाला नवं काय कळलं, कोणी शब्द दिला, कोणी फिरवला, काय हातचं गेलं. चांगल्या कादंबरीत पाचवा रकाना क्वचितच कोरा राहतो. राहिलाच तर तिथे खूण करून पुढे जायचं. बहुतेक वेळा तीस-चाळीस पानांनी कळतं की त्या कोऱ्या वाटलेल्या प्रसंगात पुढच्यासाठी काहीतरी ठेवून दिलेलं होतं. एखादी वस्तू, एखादा माणूस, एखादी सवय.

मग हाच तक्ता आपल्या हस्तलिखिताचा करायचा. इथे धीर लागतो. पहिल्या खर्ड्यात सलग सहा-सात प्रसंगांचा पाचवा रकाना कोरा निघणं अगदी नेहमीचं आहे. दोन मित्र कॉलेज रोडला कॉफी पितात, जुन्या आठवणी काढतात, उठतात. संवाद झकास असतो, पण उठताना दोघं होते तिथेच असतात. असा प्रसंग वाचवायचा असेल तर त्यात एकाला काहीतरी मागायला लावावं आणि दुसऱ्याला ते द्यायला जमू नये. तेही होत नसेल तर तो प्रसंग काढावा. त्यातलं कामाचं एखादं वाक्य शेजारच्या प्रसंगात सहज मावतं.

त्याच वहीत मागच्या पानावर काळाचा हिशेब मांडायचा. कादंबरीतला किती काळ किती पानांत आला? छापील कादंबऱ्यांत हा हिशेब अतिशय वेडावाकडा असतो. अख्खा पावसाळा चार ओळींत जातो आणि एक संध्याकाळ दहा पानं घेते. नवा लिहिणारा मात्र काळ सगळीकडे सारखा वाटून देत जातो. सकाळी उठणं, चहा, निमाणीहून बस, द्वारका चौकात अडकणं, कचेरी, जेवणाचा डबा, परत. हे सगळं खरं असतं म्हणून काढवत नाही. द्वारकेच्या कोंडीत पात्राला असा फोन यावा की ज्यानंतर कचेरीत जाणं अवघड व्हावं, तर ती कोंडी पानावर हवी. नाहीतर “दहा वाजता तो कचेरीत पोचला” एवढ्यात काम भागतं. काळ आवळायचा कुठे आणि पसरायचा कुठे, हा निर्णय कादंबरीकार सतत घेत असतो, आणि वाचताना तो जाणवत नाही म्हणून तो मोजावा लागतो.

यानंतर निवेदक. इथे आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण कादंबऱ्या अर्ध्यावर बंद पडतात त्या बहुधा याच ठिकाणी. लिहिणाऱ्याने गोष्ट ठरवलेली असते, पण ती कोण सांगतंय आणि कधी सांगतंय हे ठरवलेलं नसतं. ‘कोसला’ (१९६३) उघडली की निवेदक पहिल्या ओळींतच नाव आणि वय सांगून मोकळा होतो. म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीकडे कुठल्या वयातून बघितलं जातंय हे वाचकाला लगेच कळतं, आणि पुढचा सगळा सूर त्यावर बसतो. ‘पाचोळा’ (१९७१) शिंप्याच्या बायकोच्या तोंडून, तिच्याच बोलीत येते. तिला जे दिसत नाही ते पानावरही येत नाही. ‘ययाति’त (१९५९) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने बोलतात. ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्णाखेरीज कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि श्रीकृष्ण बोलतात. ही दोन्ही पुस्तकं घरोघरी वाचलेली असतात, म्हणून अभ्यासाला सोयीची. प्रत्येक निवेदकापुढे दोन ओळी लिहायच्या. याला काय माहीत आहे जे इतरांना नाही? हा काय लपवतोय? आपल्या कादंबरीत दुसरा निवेदक आणायचा मोह झाला की हेच दोन प्रश्न त्याला विचारायचे. उत्तर येत नसेल तर तो निवेदक पहिल्याचीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगणार आहे.

प्रथमपुरुषी मराठीत एक बारकावा आहे जो लिहायला बसल्याशिवाय लक्षात येत नाही. “मी उठलो” किंवा “मी उठले” म्हटलं की निवेदक पुरुष की बाई हे पहिल्या क्रियापदातच फुटतं. “मी चहा केला, खिडकी उघडली, पत्र वाचलं” यात ते कळत नाही, कारण तिथे क्रियापद चहा, खिडकी, पत्र यांच्यामागे जातं. त्यामुळे पहिल्या परिच्छेदात कुठलं क्रियापद आधी येऊ द्यायचं हे ठरवून करता येतं. बोली असेल तर आणखी सांभाळावं लागतं. कोल्हापूरकडे बायकांच्या बोलण्यातही “मी आलो” ऐकू येतं. सराव असा. स्वतःच्या तृतीयपुरुषी मजकुराचं एक पान घ्या आणि “मी” करून पूर्ण लिहा. जी वाक्यं “मी”च्या तोंडी शोभत नाहीत ती लेखकाची वाक्यं आहेत. “तिच्या डोळ्यांत अथांग कारुण्य दाटलं होतं” हे कोणी स्वतःबद्दल म्हणत नाही. असली वाक्यं मग तृतीयपुरुषी मजकुरातूनही जायला हवीत.

संवादाच्या बाबतीत ‘तू’, ‘तुम्ही’, ‘अहो’, ‘अगं’ हे मराठी कादंबरीकाराचं फार मोठं भांडवल आहे आणि नवे लेखक ते वापरायचंच विसरतात. छापील कादंबरीतल्या एका घराचा तक्ता करून बघा, कोण कोणाला काय म्हणतं याचा. आईला अरे-तुरे आणि वडिलांना ‘अहो बाबा’ म्हणणारं घर वेगळं, दोघांनाही ‘तू’ म्हणणारं घर वेगळं. सून सासूला ‘आई’ म्हणते की ‘आत्याबाई’, यावरून नात्याचा, गावाचा आणि पिढीचा अर्धा तपशील येतो. हा तक्ता आपल्या कादंबरीसाठी आधीच करून भिंतीला लावावा. याचे दोन फायदे. एक म्हणजे बाराव्या प्रकरणात बहीण भावाला अचानक ‘तुम्ही’ म्हणायला लागत नाही, ही चूक सर्रास होते. दुसरा फायदा मोठा आहे. हाक बदलणं हीच घटना करता येते. वर्षानुवर्षं ‘तू’ म्हणणारा भाऊ वाटणीच्या बोलणीत ‘तुम्ही ठरवा’ म्हणाला, की पुढे रागाचं वर्णन करायची गरज उरत नाही.

बोलीचा गोंधळ मात्र आमच्या जिल्ह्यात हमखास होतो. गावाकडचं पात्र आलं की त्याच्या तोंडी “व्हय”, “न्हाई”, “म्या” घालायचं, आणि झाली ग्रामीण भाषा. ही ऐकीव बोली चित्रपटांतून आलेली असते. निफाडच्या शेतकऱ्याचं बोलणं, बागलाणातली अहिराणी आणि सुरगाणा-पेठकडची कोकणा यांत केवढं अंतर आहे हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधले (१९६०) वऱ्हाडी संवाद मोठ्याने वाचा. बोली म्हणजे वेगळे शब्द एवढंच नाही, वाक्य कुठे तोडलं जातं आणि माणूस मुद्द्यावर किती वळसा घेऊन येतो हेही बोलीत असतं, हे कानाला कळतं. प्रत्यक्ष कृती सोपी आहे. ज्या भागातलं पात्र आहे तिथल्या माणसाचं बोलणं त्याच्या परवानगीने तासभर ध्वनिमुद्रित करावं आणि त्यातली दहा मिनिटं अक्षरशः उतरवावीत, ‘अं’ आणि थांबण्यासकट. उतरवलेलं सगळं वापरायचं नसतं, वाचक दमतो. वाक्याची ठेवण ठेवायची आणि अनोळखी शब्द एका पानावर दोन-चारच येऊ द्यायचे, तेही संदर्भातून उलगडतील असे.

आता हाताने उतरवण्याबद्दल. छापील कादंबरीची दोन पानं कागदावर शाईपेनाने जशीच्या तशी उतरवायची. टाइप करून उपयोग होत नाही, बोटं डोळ्यांच्या पुढे पळतात. दोनच पानं, कारण नंतर लक्ष उडतं आणि नुसता हात चालतो. उतरवताना वाक्यांच्या लांब्या कळतात, परिच्छेद कुठे तोडला ते कळतं, आणि मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने होणारी अडचण चांगले लेखक कशी सोडवतात हे कळतं. आपल्या खर्ड्यातला कुठलाही वर्णनाचा परिच्छेद बघा. होता, होती, होते, होतं, अशी रांग लागलेली असते. कसलेला लेखक मधूनच क्रियापद गाळतो. “ओट्यावर म्हातारी. पुढ्यात सूप, सुपात तांदूळ.” कधी वर्णन कृतीला जोडतो, म्हणजे माणूस वाकून आत शिरतो आणि दार बुटकं आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. उतरवलेल्या दोन पानांत ‘होता’ किती वेळा आलं ते मोजा आणि तेवढ्याच लांबीच्या आपल्या मजकुरात मोजा. हा आकडा डोळे उघडतो.

हे सगळं एकत्र कसं वापरायचं ते एका नमुन्यावर दाखवतो. गोदावरीच्या पुराचा प्रसंग इथल्या प्रत्येक होतकरू कादंबरीत असतोच, २००८, २०१६, २०१९ चे पूर लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहेत. पहिला खर्डा साधारण असा येतो:

“त्या दिवशी गोदामाईने रौद्र रूप धारण केले होते. सगळीकडे हाहाकार माजला होता. सराफ बाजार पाण्याखाली गेला होता. माणिकच्या मनात विचारांचे काहूर माजले होते.”

इथे बघणारा कोणी नाही. शब्द वर्तमानपत्राचे आहेत, ‘माजला’ दोनदा आलं आहे आणि चारही वाक्यं एकाच तालावर संपतात. मुख्य म्हणजे माणिकला काय हवं आहे ते कळत नाही. माणिक सराफ बाजारातल्या दुकानात नोकर आहे, घर गाडगे महाराज पुलाजवळच्या सखल वस्तीत आहे आणि घरी आजारी आई एकटी आहे, एवढं ठरवलं की चौथा रकाना भरतो. त्याला दुकानातून निघायचं आहे. मग नाशिककर पूर कसा मोजतात ते आठवायचं. धरणातून किती क्युसेक सोडलं हा आकडा मोबाईलवर येतो, पण माणसं विचारतात ते गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं. दुसरा खर्डा:

“मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागल्याचं कळलं तेव्हा शेठजींनी खालच्या कप्प्यातली चांदी वर घ्यायला सांगितली. कमरेला लागलं तेव्हा गल्ल्याच्या वह्या माळ्यावर गेल्या. माणिकने दोनदा छत्री हातात घेतली आणि दोनदा खुंटीला लावली. ‘छातीला लागू दे,’ शेठजी म्हणाले, ‘मग जा तू.’ घरापुढची गल्ली मारुतीच्या कमरेलाच बुडते, हे शेठजींना ठाऊक नव्हतं. माणिक माळ्यावर चढला आणि वह्या सारख्या करत बसला.”

पाणी इथे फक्त मारुतीच्या अंगावर चढतं, पण ताण वाढतो, कारण प्रत्येक टप्प्याला माणिकचं काहीतरी पणाला लागतं. शेठजींचा ‘तू’ दोघांमधली पायरी दाखवतो. हाहाकार हा शब्द लागलाच नाही. भावनेचं नाव न घेता छत्रीवर काम भागलं. हा नमुना अजून सुधारता येईल. शेवटच्या आधीचं वाक्य जरा जास्त समजावून सांगतं, आणि वस्तीचा उल्लेख मागच्या प्रसंगात पेरला असता तर ते गाळता आलं असतं.

लेखकांच्या दिनचर्येबद्दल लोकांना फार कुतूहल असतं, म्हणून थोडक्यात. अँथनी ट्रोलप इंग्लंडच्या टपाल खात्यात नोकरी करत पहाटे साडेपाच ते साडेआठ लिहीत, समोर घड्याळ ठेवून, दर पाव तासाला २५० शब्द. हा वेग आपल्याला झेपेल असं मुळीच नाही. उचलायची ती त्यांची दुसरी सवय. पहिला अर्धा तास ते आदल्या दिवशीचं लिखाण वाचत. सात वाजताच्या पाळीला जाणाऱ्यालाही हे जमतं, आणि त्याने सूर तुटत नाही. गणित असं आहे. डेमी आकाराच्या छापील पानावर साधारण अडीचशे शब्द बसतात, म्हणजे २४० पानांची कादंबरी सुमारे ६०,००० शब्दांची. रोज ३०० शब्द, आठवड्यातून पाच दिवस, तर खर्डा चाळीस आठवड्यांत होतो. लग्नसराई, द्राक्षाचा हंगाम आणि सणवार धरून वर्ष लावावं.

खर्डा झाला की तो बाजूला ठेवायचा. स्टीफन किंग यांनी लेखनकलेवरच्या पुस्तकात (२०००) किमान सहा आठवडे सांगितले आहेत, आणि दुसरा खर्डा पहिल्यापेक्षा दहा टक्के लहान असावा हे सूत्रही. ६०,००० मधले ६,००० शब्द काढायचे ऐकून पोटात गोळा येतो, पण मराठी खर्ड्यात ते ठरलेल्या जागी सापडतात. पहिल्या प्रकरणातलं हवामान. घराण्याचा इतिहास, जो तिसऱ्या प्रकरणात एका वाक्यात येऊ शकतो. जोडीने येणारी विशेषणं, शांत-निवांत, उदास-खिन्न, यातलं एक. ‘अचानक’, ‘एकदम’, ‘जणू काही’. आणि संवादानंतर त्याच संवादाचा अर्थ सांगणारं वाक्य, हे सगळ्यात जास्त निघतं. काढलेलं पुसून टाकू नये, वेगळ्या फाइलमध्ये ठेवावं, म्हणजे हात मोकळा चालतो. शेवटाला मात्र घाई करू नये. ‘अ फेअरवेल टू आर्म्स’चं शेवटचं पान आपण ३९ वेळा लिहिलं, असं हेमिंग्वे यांनी १९५८ मध्ये छापून आलेल्या मुलाखतीत सांगितलं होतं.

वाचून दाखवायला तीन माणसं पुरतात, आणि त्यांतलं एक तरी साहित्याच्या वर्तुळाबाहेरचं असावं. “कशी वाटली?” विचारलं की “छान” मिळतं. त्याऐवजी हातात छापील प्रत आणि पेन्सिल देऊन तीन खुणा मागाव्यात. कुठे वाचन थांबवावंसं वाटलं, कुठे मागचं पान उलटून बघावं लागलं, आणि कुठे पुढचं आधीच कळलं. तिघांच्या खुणा एकाच पानावर आल्या तर दोष तिथे किंवा त्याआधीच्या दहा-पंधरा पानांत आहे. त्यांनी सुचवलेले उपाय एकमेकांशी जुळणार नाहीत. ते लिहून घ्यावेत आणि आपल्या तक्त्याकडे परत यावं, बहुतेक वेळा पाचवा रकाना उत्तर देतो.

प्रकाशकाकडे पाठवायची प्रत युनिकोडमध्ये, पान क्रमांक घालून आणि प्रत्येक प्रकरण नव्या पानावर घ्यावी. छपाईसाठी मजकूर संगणकीय अक्षरजुळणीच्या जुन्या (डीटीपी) फॉन्टमध्ये नेला जातो तेव्हा ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला ऱ्य, रफार आणि ‘ॲ’ तुटण्याची शक्यता असते. मुद्रितशोधनाच्या वेळी ही अक्षरं मुद्दाम शोधून बघावीत, आणि पात्रांच्या नावांची एक यादी मुद्रितशोधकाला सोबत द्यावी.